दुसरी खेप

मोताळ्याच्या एसटी स्टँडवर माझा चुलतभाऊ भेटला तेव्हा त्याच्या हातात एक प्लॅस्टिकची पिशवी होती आणि त्या पिशवीत त्याचा सगळा आजार भरलेला होता. दोन ईसीजी, छातीचा एक्स-रे, थायरॉइडचा रिपोर्ट, पोटाची सोनोग्राफी, डोक्याचा सीटी स्कॅन. सगळे नॉर्मल. रात्री तीनला जाग येते, छातीत धडधडतं, वावरात जायचं म्हटलं की पाय उचलत नाही. सोयाबीन सोंगायला आलेलं आणि हा ओसरीवर बसून. सहा महिन्यांत कुठं कुठं जाऊन आला ते त्यानं बोटांवर मोजलं. गावात येऊन सलाईन लावणारा डॉक्टर, खामगावचे छातीवाले, मलकापूरचे पोटवाले, एक भगत, मग सैलानी, आणि सगळ्यात शेवटी कोणीतरी सुचवलं म्हणून अकोल्याचा एक मनोविकारतज्ज्ञ. अकोल्याला तो एकदाच गेला होता.

"मंग वापस काहून नाही गेला?" मी विचारलं.

"वापस काहून जा लागते? एक डाव दाखवलं ना. गोया देल्या त्यानं, पंधरा रोज खाल्ल्या, काही फरक नाही पडला."

मानसोपचाराबद्दलच्या गैरसमजांवर मराठीत आजवर बरंच लिहून आलं आहे. बहुतेक लेखांची सुरुवात एकाच ठिकाणाहून होते: लोक लाजतात, म्हणून उपचाराला जात नाहीत. शहरात ते खरं असेल. बुलढाणा जिल्ह्यात पाहिलं तर लोक जातात, पोटाला चिमटा घेऊन जातात, म्हैस विकून जातात. माझ्या भावानं सहा महिन्यांत सहा दारं ठोठावली. अडलं ते दुसऱ्या खेपेपाशी. इथल्या एकेका गैरसमजाचा माग काढत गेलं की तो कुठं ना कुठं या न झालेल्या दुसऱ्या खेपेपर्यंत येऊन पोचतो, असं मला आताशा वाटायला लागलं आहे.

भावाच्या बोलण्यातला एक शब्द पाहा. 'दाखवलं.' मराठीत आपण डॉक्टरला दाखवतो. जीभ दाखवतो, नाडी दाखवतो, ज्योतिषाला हात दाखवतो. दाखवायचं काम एका खेपेत होतं. मनाचं दुखणं दाखवता येत नाही, ते सांगावं लागतं, आणि सांगणं काही एका बैठकीत संपत नाही. २०२५च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांमध्ये लोकांचे केस मुठीमुठीनं हातात यायला लागले, तेव्हा पाण्याचे नमुने गेले, त्वचेचे नमुने गेले, आयसीएमआरचं पथक गावात उतरलं, देशभरातले कॅमेरे आले. व्हायलाच पाहिजे होतं ते. पण त्याच गावांत झोप उडालेली, जेवण सुटलेली माणसं त्याआधीही असणारच. त्यांच्याकडे दाखवायला काही नव्हतं.

निम्हान्सनं २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. दर १०० प्रौढांमागे साधारण ११ जणांना त्या वेळी मनाचा काही ना काही आजार होता, आणि आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोक उपचाराबाहेर होते. महाराष्ट्र त्या १२ राज्यांत नव्हता. मध्य प्रदेश, गुजरात, छत्तीसगड हे आपले शेजारी होते. 'उपचाराबाहेर' हा शब्द मात्र फसवा आहे. त्यात मोजलेला माणूस घरी हातावर हात ठेवून बसलेला असतो असं नाही. तो बहुधा सलाईन लावून घेत असतो.

आणि तो सैलानीला असतो.

बुलढाणा तालुक्यात पिंपळगाव सराईजवळ सैलानीबाबांचा दर्गा आहे. होळीच्या सुमाराला तिथं यात्रा भरते, महाराष्ट्रातून आणि बाहेरूनही लोक लाखांनी येतात, हिंदूही, मुसलमानही. नारळांची होळी पेटते. 'बाहेरचं' लागलेल्या माणसाचे कपडे, त्यावरून उतरवलेले लिंबू-बिबे त्या होळीत पडतात. यात्रा नसते तेव्हाही मनाच्या आजाराची माणसं आणि त्यांची घरची मंडळी तिथं दिवसच्या दिवस मुक्काम करून असतात. पायात साखळी घातलेल्या रुग्णांच्या बातम्या आणि फोटो वर्षानुवर्षं छापून आले आहेत. शहरातल्या लेखकाला इथवर आलं की 'अंधश्रद्धा' लिहून मोकळं होता येतं. मला होता येत नाही, कारण सैलानीला गेलेली माझ्याच नात्यातली तीन माणसं मला माहीत आहेत, आणि त्यांतलं कोणी मूर्ख नाही.

तिथं काय मिळतं ते आधी समजून घ्यायला हवं. पहिलं, दोष माणसाचा नसतो. जे काही आहे ते बाहेरून आलं, कोणीतरी केलं, बाईच्या अंगात शिरलं. सुनेनं सासूला शिव्या दिल्या तर त्या शिव्या तिच्या नसतात. दुसरं, रुग्णाबरोबर अख्खं घर जातं, पालावर राहतं, चुलीवर एकत्र भाकऱ्या थापतं. जी सून वर्षभर एकटी कुढत होती तिच्याभोवती पहिल्यांदा पाच माणसं बसलेली असतात. तिसरं, परत यायला सांगितलेलं असतं: पाच गुरुवार कर, अकरा पौर्णिमा कर. म्हणजे दुसरी खेप तिथं ठरूनच असते. आमचे दवाखाने या तिन्ही बाबतींत मार खातात, हे कबूल करायला काय हरकत आहे?

पण आजार जर स्किझोफ्रेनिया असेल तर पाच गुरुवार म्हणजे गेलेले पाच आठवडे, आणि अकरा पौर्णिमा म्हणजे गेलेलं जवळजवळ एक वर्ष. या आजारात उपचाराला जितका उशीर तितकं सावरणं अवघड. आणि साखळीचा विषय तर चर्चेचा राहिलेलाच नाही. ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळच्या एका आश्रयस्थानाला आग लागली आणि बांधून ठेवलेले २८ मनोरुग्ण जळून गेले. त्यांना पळताही आलं नाही. आज मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ कोणत्याही मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीनं बांधायला मनाई करतो. त्याच्याही आधी, ऑगस्ट २०१३ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यानंतर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. त्याच्या अनुसूचीतलं पहिलंच कलम भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरखंडानं किंवा साखळीनं बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं याबद्दल आहे. कायदा श्रद्धेला हात लावत नाही, फटक्याला लावतो. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात उनावा इथं मीरा दातारच्या दर्ग्यात 'दवा और दुआ' या नावानं मनोविकारतज्ज्ञाचा बाह्यरुग्ण विभागच सुरू झाला. मुजावर स्वतः रुग्णाला तिकडे पाठवतात. दुआ चालू राहते, गोळीही चालू राहते. शेगावला जाऊन 'गजानन विजय'चे २१ अध्याय वाचणाऱ्यालाही हेच लागू आहे. पारायणानं ज्याला बरं वाटतं त्यानं पारायण करावं, गोळी घेऊन बसावं. आणि ज्या गजानन महाराजांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचताना पाहून लोकांनी पिसा ठरवलं, त्यांच्याच जिल्ह्यात 'वेडा' हा शब्द शिवीसारखा वापरला जावा, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

आता भगताकडे वळू, कारण माझ्या मते सगळ्यात खोल गैरसमज तिथं आहे. चांगला जाणता कोणाला म्हणतात? जो न विचारता सांगतो त्याला. तुम्ही देव्हाऱ्यापुढे बसायचं, तो दाणे टाकणार आणि सांगणार: 'घरात कोणाची तरी इच्छा राहिली आहे, धाकट्या भावाच्या बायकोकडून आलं आहे.' तुम्ही गप्प. त्याला जितकं कमी सांगाल तितकी त्याची परीक्षा. हीच सवय घेऊन माणूस मनोविकारतज्ज्ञाच्या खुर्चीत बसतो. तो विचारतो, "बोला भाऊ, काय त्रास होतो?" झोप कशी आहे, भूक कशी आहे, पूर्वी असं कधी झालं होतं का, घरात आणखी कोणाला? माझा भाऊ बाहेर येऊन वहिनीला म्हणाला होता, "याले काहीच समजत नाही. मलेच पुसते."

त्या दिवशी त्यानं जे सांगायचं होतं त्यातलं काहीच सांगितलं नाही. झोप येत नाही एवढं म्हणाला. डॉक्टरच्या बाहेर ६० माणसं बसलेली, आत पाच मिनिटं, चिठ्ठीवर दोन गोळ्या. दोष डॉक्टरचा किती आणि भावाचा किती हे मी ठरवत बसत नाही. पाच मिनिटांत कोणीच काही सांगू शकत नाही. पण एवढं खरं की डॉक्टर चेहऱ्यावरून ओळखतो, संमोहन करून आतलं काढून घेतो, हा समज सिनेमातून आलेला आहे असं जे म्हणतात त्यांनी आमचा देव्हारा पाहिलेला नाही.

आणि गोळ्यांचं काय झालं? पंधरा दिवस. नैराश्यावरच्या बहुतेक औषधांचा परिणाम जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात. सुरुवातीचे दिवस तर उलट मळमळ, तोंडाला कोरड, पोटात जळजळ यांतच जातात. म्हणजे फायदा दारात यायच्या वेळेला भावानं दार लावून घेतलं. पुढचा समज असा की बरं वाटलं की बंद करायचं. नैराश्याचा पहिलाच झटका असला तरी बरं वाटायला लागल्यावर साधारण सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवतात, आणि थांबवायचं ते डॉक्टरच्या सांगण्यानं, हळूहळू कमी करत. 'या गोळ्यांची सवय लागते' हा समज अर्धा खरा आहे आणि म्हणूनच चिवट आहे. सवय लागते ती झोपेच्या, घबराटीच्या काही गोळ्यांची, ज्या मेडिकलवर ओळखीनं 'दोन पट्ट्या द्या' म्हणून वर्षानुवर्षं घेतल्या जातात. नैराश्यावरच्या गोळ्या त्या जातीच्या नाहीत. गंमत अशी की ज्या घरात नैराश्याची गोळी 'सवय लागेल' म्हणून फेकून देतात, त्याच घरात आजीच्या उशाखाली झोपेच्या गोळीची पट्टी दहा वर्षांपासून असते. शॉकबद्दल एवढंच: आज तो भूल देऊन आणि स्नायू शिथिल करूनच द्यावा लागतो, त्याशिवाय देणं हा २०१७च्या कायद्यानं गुन्हा आहे.

पण मानसोपचार म्हणजे फक्त गोळ्या नव्हेत. बोलण्याचा उपचार असतो, आणि त्याला आपण शब्द दिला आहे 'समुपदेशन'. हा शब्द ज्यानं पहिल्यांदा वापरला त्यानं नकळत फार नुकसान केलं. त्याच्या पोटातच 'उपदेश' बसलेला आहे. आमच्याकडे समुपदेशन हा शब्द बायकांना माहीत आहे तो पोलिस ठाण्यातून आणि महिला तक्रार निवारण कक्षातून: नवरा मारतो म्हणून तक्रार द्यायला गेली, तर आधी समुपदेशन. तिथं प्रामाणिक काम करणारी माणसं आहेत. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं १९८४ मध्ये मुंबई पोलिसांबरोबर सुरू केलेल्या विशेष कक्षापासून हिंसाग्रस्त बाईच्या बाजूनं उभं राहण्याची चांगली परंपराही आहे. पण बाईच्या कानांवर शेवटी पडतं ते बहुतेकदा एकच: समजून घे, लेकरांकडे पाहा, नांदायला जा. मग तिला डॉक्टरनं 'समुपदेशकाकडे जा' म्हटलं की ती काय समजणार? उपदेश ऐकायला दुसऱ्यांदा कोण जातं? तो तर घरी फुकट मिळतो.

खऱ्या समुपदेशनात उपदेश जवळजवळ नसतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५०च्या दशकात मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती किशोर फडके यांनी मुंबईत रुजवली. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात आयपीएच ही संस्था उभी केली आणि हा विचार सोप्या मराठीत घराघरांत नेला. या उपचारपद्धतीचं सूत्र सांगायला सोपं आहे: घटना आणि भावना यांच्यामध्ये एक विचार उभा असतो. सोयाबीनचा भाव पडला ही घटना. भाव पडला म्हणून चिंता वाटणं रास्त. पण 'भाव पडला, म्हणजे मी नालायक, बापानं राखलेली जमीन मी घालवणार, गावात तोंड दाखवायला जागा नाही' हा मधला विचार माणसाला ओसरीवर बसवून ठेवतो. समुपदेशक त्या विचाराला हात घालतो, उलटसुलट प्रश्न विचारतो, आणि घरी करायला काम देतो. शाळेसारखा गृहपाठ. गोव्यात 'संगात' संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक साधा उपचार करून पाहिला: डॉक्टर नसलेल्या, स्थानिक, प्रशिक्षण दिलेल्या माणसांनी सहा ते आठ बैठका घ्यायच्या आणि नैराश्यानं बसलेल्या माणसाला छोट्या छोट्या कामांतून पुन्हा उठवायचं. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्याचे निकाल आले. तीन महिन्यांनी या बैठका घेतलेल्यांतले ६४ टक्के लोक आजारातून बाहेर आले होते. नेहमीची सेवा थोडी सुधारून दिलेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. सहा ते आठ बैठका. आमच्याकडे एकीवर थांबतात.

इथं कोणीही जाणता शेतकरी मला अडवेल आणि म्हणेल, बोलून कर्ज फिटते का? हा आक्षेप गैरसमजांच्या यादीत टाकून पुढं जाणं मला पटत नाही. बुलढाणा हा २००६च्या पंतप्रधान पॅकेजमधल्या विदर्भातल्या सहा जिल्ह्यांपैकी एक. इथं कापूस आणि सोयाबीनचं गणित बिघडलं की माणूस बिघडतो, आणि गणित बिघडवणारे वेगळेच असतात. सरकारनं २०१५ मध्ये मराठवाडा-विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' म्हणून शेतकरी समुपदेशन सेवा सुरू केली. आशाताईंनी घरोघर विचारपूस करायची, १०४ क्रमांकावर फोनची सोय. तेव्हा गावात हसलेच लोक: भाव द्यायचा नाही म्हणून बाई पाठवली. ते हसणं मी चूक मानत नाही. मात्र दोन शेतकऱ्यांवर सारखंच कर्ज असताना एक सावरतो आणि एक सावरत नाही, हेही गावानं पाहिलेलं असतं. आमच्याच महसूल विभागातल्या अमरावती जिल्ह्यात 'विश्राम' हा कार्यक्रम ३० गावांत राबवला गेला. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. कर्ज कोणाचं फिटलं नसेल त्यात. पण कर्जाचा अर्ज भरायला, सावकाराशी बोलायला, पोराला 'घरी ये' म्हणायला आधी अंथरुणातून उठावं लागतं.

यात एक गाठ आहे, ती कोणी फारशी बोलत नाही. शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतरची सरकारी मदत नापिकी, कर्ज आणि वसुलीचा तगादा या निकषांवर मिळते, प्रकरण 'पात्र' किंवा 'अपात्र' ठरतं. माणूस आजारी होता, पीत होता, उपचार चालू होते असं पंचनाम्यात आलं की घराला धास्ती बसते. म्हणजे मनाच्या आजाराचा कागद घरात असणंच महाग. अशा जिल्ह्यात लोक दवाखान्याची फाइल जपून ठेवत नाहीत याचं आश्चर्य कशाला?

दारूचं तसंच. बाईचं बिघडलं की 'बाहेरचं', पुरुषाची दारू मात्र 'सवय'. दोन्हींत उपचार हुकतो. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण सुरू केलं तेव्हा व्यसन हा आजार आहे हेच आधी सांगावं लागलं. त्यांनी व्यसनी माणसांच्या बायकांसाठी 'सहचरी' नावाचा वेगळा गट चालवला, हे मला त्या कामातलं सगळ्यात शहाणं पाऊल वाटतं. आमच्याकडे खाजगी व्यसनमुक्ती केंद्रांच्या पाट्या वाढल्या आहेत. माणूस आत टाकून महिनाभर घरच्यांनी भेटायचं नाही, अशी अट कोणी घातली तर तिथून उठावं.

आता योग्य माणूस शोधायचा कसा? शहरात हा प्रश्न निवडीचा असतो: या पद्धतीचा की त्या, ऑनलाइन की समोरासमोर. इथं तो आधी एसटीच्या वेळापत्रकाचा आहे. घाटावरची माणसं, म्हणजे चिखली, मेहकर, देऊळगाव राजाकडची, जालना-संभाजीनगरला जातात. घाटाखालची अकोल्याला नाहीतर जळगावला. अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकार विभाग आहे. बुलढाण्याला स्वतःचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये मिळालं. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची सेवा मिळते, आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात न्यायची वेळ फार थोड्यांवर येते. 'मनोविकार' म्हटलं की थेट नागपूर, ठाणे, येरवडा आठवणं हाही एक जुना समजच. माझं मत असं, की पंधरा दिवसांनी पुन्हा जाता येईल इतका जवळचा, बरा डॉक्टर हा पुण्याच्या नामांकित डॉक्टरपेक्षा आपल्यासाठी योग्य. पुण्याला एकदाच जाणं होतं.

मग कोण कोण आहे ते. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात पुढचं शिक्षण घेतलेला डॉक्टर. औषध तोच लिहितो, त्याचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर असतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषध देत नाही, चाचण्या आणि बोलण्याचे उपचार करतो. त्याची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि ती तपासता येते. समुपदेशक मानसशास्त्रात किंवा समाजकार्यात शिकलेला असू शकतो, आणि आठ दिवसांचा कोर्स केलेलाही असू शकतो. म्हणून कुठं शिकलात, असं विचारायचं. विचारणं उद्धटपणाचं वाटतं आपल्याला, पण बैल घेताना आपण दात पाहतोच. चांगला माणूस रागावत नाही. रागावला तर उत्तर मिळालं. कामाचे आणखी प्रश्न: साधारण किती खेपा लागतील? मला काय झालं आहे असं तुम्हाला वाटतं? फरक नाही पडला तर पुढं काय? घरच्यांना काय सांगणार?

या शेवटच्या प्रश्नावर तालुक्याच्या गावात सगळं अडतं. दवाखाना बाजाररस्त्यावर असतो, मोटारसायकल बाहेर उभी दिसली की संध्याकाळपर्यंत सोयऱ्यांत बातमी, आणि पोरीची सोयरीक व्हायची असते. म्हणून तर पाट्यांवर 'मेंदू, डोकेदुखी, फिट्स' आधी आणि 'मनोविकार' शेवटी लिहिलेलं असतं. मला ती पाटी लबाड वाटत नाही, रुग्णाला आत शिरायला दिलेली ती पळवाट आहे. डॉक्टर बाहेर बोलणार नाही याची हमी २०१७च्या कायद्यात आहे, तो रुग्णाचा हक्कच आहे. बाहेर बसलेल्या शेजाऱ्याला मात्र तो कायदा लागू नाही. ज्याला हे फारच जड जातं त्यानं फोनपासून सुरुवात करावी: १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही, फुकट आहे. जीव नकोसा झाला असेल तर तिथंच लावायचा, रात्री तीनलाही.

भाषेचं लोक कमी बोलतात. 'जीव लागत नाही', 'डोकं भणभण करते', 'आंगात उकयते' हे ज्याला पुस्तकी मराठीत करून सांगावं लागतं तो डॉक्टर अर्धा आजार वाटेतच सांडतो. वऱ्हाडी समजणारा, निदान त्यावर न हसणारा माणूस पाहावा. आणि आपल्याकडे एक जुना शब्द आहे, हातगुण. 'त्याच्या हाताले गुण आहे' म्हणून लोक कोसाकोसावर जातात. बोलण्याच्या उपचारांवर गेली कित्येक दशकं जे संशोधन झालं त्यात पद्धत कोणती यापेक्षा दोघांचं जुळलं का, याला मोठं वजन निघालं आहे. म्हणजे हातगुण अगदीच खोटा नव्हे. फरक एवढाच की आपण तो एका सुईत ठरवतो, इथं तीन-चार बैठका द्याव्या लागतात. तेवढ्यानंतरही मन मोकळं होत नसेल, तो सतत घड्याळ पाहत असेल, तुमच्या जातीवर, नवऱ्यावर, देवावर शेरे मारत असेल, तर बदलावा. सलाईनवाला बदलताना आपण कुठं परवानगी घेतो? औषध चालू असेल तर ते मध्येच तोडू नये आणि जुनी चिठ्ठी बरोबर न्यावी, एवढंच पथ्य.

भावाला मी दुसरीकडे नेलं. अकोल्यालाच, पण डॉक्टर दुसरे. त्यांनी गोळी जवळजवळ तीच दिली, आणि महिनाभर फरक पडणार नाही हे आधीच सांगून टाकलं. मग शेजारच्या खोलीत पाठवलं. तिथं तिशीतली एक चिकित्सा मानसशास्त्रज्ञ बसलेली. भाऊ दारातच थबकला. बाईमाणसापुढं काय बोलायचं? ती पाऊण तास त्याच्याशी पावसाचं, विहिरीचं, पोराच्या बारावीचं बोलली. निघताना काम दिलं: रोज सकाळी सात वाजता विहिरीपर्यंत जायचं, मोटर चालू करायची नाही, वावर पाहायचं नाही, नुसतं जाऊन यायचं, आणि कॅलेंडरवर फुली मारायची. वहिनीला बरोबर घ्या म्हणाली. भाऊ बाहेर आला तो वैतागूनच. यासाठी तीनशे रुपयांचं तिकीट घातलं?

पण दुसऱ्या खेपेला तो आला. नांदुऱ्याच्या पुढं गाडीत त्यानं खिशातून घडी केलेलं कॅलेंडरचं पान काढून दाखवलं. सतरा दिवसांत अकरा फुल्या. रिपोर्टांची पिशवी आणली नव्हती. बाळापूर मागे पडलं तसा तो खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "मांगच्या डावी त्या बाईले एक गोष्ट सांगाची राहून गेली."

मी विचारलं नाही कोणती ते.